नशिराबादच्या उखर्डूची परात

धुळ्याच्या देवपुरातल्या त्या गल्लीत उखर्डू निंबा नावाचा माणूस कधी राहिला नव्हता. त्याला कोणी पाहिलंही नव्हतं. तरी गल्लीत त्याचं नाव जितक्या वेळा निघे तितकं निवडून आलेल्या नगरसेवकाचंही निघत नसे. उन्हाळा लागून उडदाच्या पापडांचे दिवस आले, की मंदाबाईंच्या दाराशी रोज कोणी ना कोणी येऊन उभं राही.

"अक्का, उखर्डूभाऊ मोकळा शे का?"

"भिकुबाईकडे गयेल शे. संध्याकाळले येई."

समोर नव्याने राहायला आलेल्या एका मास्तरांचा पंधरा दिवस असा समज होता, की उखर्डूभाऊ हे मंदाबाईंचे दीर असून ते घरोघरी पीठ मळायला जातात. मास्तर मनातून त्यांना मानू लागले होते. मग एके दिवशी त्यांच्याच घरी उखर्डूभाऊ आले, आणि ते पाहतात तर ती परात होती.

परात पितळी होती. दोन्ही हात पसरून उचलावी लागे. तिच्यात पापडाचं पीठ कुटून मळलं जाई, बट्ट्यांची कणीक तिंबली जाई, आणि मंदाबाईंची तीनही मुलं बसता यायला लागल्यापासून चालायला लागेपर्यंत तिच्यातच न्हाली होती. काठावर ठोके मारून नाव घातलेलं होतं: ‘उखर्डू निंबा नशिराबाद याजकडून.’ एवढंच. कोणाला, कशासाठी, कोणत्या साली, काही नाही. त्या काळी नाव घालणारे तांबट अक्षरागणिक पैसे घेत. त्यामुळे देणारे लोक आपलं नाव पुरतं घालून घेत आणि नवरानवरीला गृहीत धरत.

मंदाबाईंचं लग्न सत्तावन सालच्या वैशाखातलं, रावेर तालुक्यातल्या त्यांच्या गावी झालेलं. त्या सोळा वर्षांच्या होत्या आणि नवरदेव पितांबर एसटीत नुकतेच कंडक्टर झाले होते. तिथी इतकी दाट होती की एवढ्याशा गावात एकाच दिवशी चार मांडव पडले होते. संसार धुळ्याला थाटला गेला. तिसऱ्या दिवाळीला परात चिंचेने घासता घासता मंदाबाईंनी सहज विचारलं, "तुमच्याकडचे हे नशिराबादचे उखर्डू निंबा, ते कोण?"

"माझ्याकडचे कुठले? तुझ्याकडचे."

नवरा-बायकोत असा संवाद पुढे अनेकदा होतो, पण तो बहुधा मुलांच्या अवगुणांवरून. इथे तो परातीवरून झाला. मंदाबाईंच्या वडिलांना विचारलं, ते म्हणाले व्याह्यांकडचे असतील. व्याह्यांना विचारलं, ते म्हणाले आम्ही तर तुमचे समजलो. आहेर लिहिलेली वही होती, पण ती तोवर वाळवीने पहिल्या पानापासून वाचून संपवली होती.

इतर भांड्यांचं तसं नव्हतं. लग्नातलं प्रत्येक भांडं मंदाबाईंकडे होतं आणि प्रत्येकाचा माणूस त्यांना ठाऊक होता. त्यांचं एक मत होतं, की भांड्यात देणाऱ्याचा स्वभाव उतरतो. भांडकुदळ आत्याने दिलेल्या पळीने वाढलेली आमटी हटकून सांडे. मोठ्या मामांचा तांब्या मामांसारखाच, थोडा धक्का लागला की आडवा होई. डेपोतल्या कंडक्टरांनी मिळून दिलेलं घड्याळ सदा दहा मिनिटं मागे असे, आणि त्याबद्दल घरात कोणी काही बोलत नसे. परातीच्या माणसाचा मात्र पत्ता नव्हता. तेव्हा परातीवरूनच त्यांनी तो हळूहळू घडवला. पीठ चिकटत नाही, म्हणजे माणूस मोकळ्या मनाचा. पत्रा जाड आहे, म्हणजे हात सैल. काठ गोल आणि गुळगुळीत, म्हणजे बोलायला गोड. वीस-पंचवीस वर्षांत नशिराबादचा उखर्डू चांगला उंच, गोरा आणि उदार झाला होता.

दर वर्षी आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, त्या माहेरी जात. धुळ्याहून रावेरची गाडी पारोळा, एरंडोल, जळगाव करत नशिराबादला थांबे. मंदाबाई खिडकीशी बसत आणि ओट्याओट्यावरची माणसं निरखत. पितांबर पुढे वाहतूक नियंत्रक झाले. गाडी तिथे दोन मिनिटं थांबते आणि त्यातलं दीड मिनिट ड्रायव्हर पान घेतो, हे त्यांना माहीत होतं.

"उतरून विचारू का?" मंदाबाई म्हणत.

"काय विचारणार? आम्हाला परात का दिली म्हणून?"

गाडी सुटे. असं तीस वर्षं चाललं.

एक्क्याण्णव साली गोष्ट थोडी निकडीची झाली. मोठ्या मुलाची, गिरधरची बायको लता, हिने स्वयंपाकघरातलं पितळ मोडीत देऊन स्टील घ्यायचं ठरवलं. घरोघरी तेच चाललं होतं. मंदाबाईंनी फारशी खळखळ केली नाही. आत्याची पळी तर त्यांनी स्वतः पुढे ढकलली. परातीपाशी मात्र त्या थांबल्या.

"आई, ओळखीच्या माणसांची भांडी देताय," लता म्हणाली, "आणि ज्याला कधी पाहिलं नाही त्याचं ठेवताय?"

"ओळखीच्यांना सांगता येतं गं, की बाबा, तुझी पळी मोडली. याला कुठे सांगू? ज्याने दिलं त्याला विचारल्याशिवाय मोडायचं म्हणजे बरं नाही दिसत."

"कोणाला दिसणार आहे?"

यावर मंदाबाईंनी करार केला. भावाच्या मुलीचं लग्न होतं, तिकडे मांड्यांच्या पिठाला मोठी परात लागणार होती, तेव्हा ती सोबत न्यायचीच होती. जाताना नशिराबादला उतरून विचारायचं. माणूस सापडला आणि त्याची ना नसली, किंवा माणूस सापडलाच नाही, तर परात लताची. लताने लगेच कबूल केलं. तीस वर्षांत जो सापडला नाही तो आता काय सापडतो, असा तिचा हिशेब होता, आणि तो चुकीचा म्हणता येणार नाही.

गोधडीत बांधलेली परात दोन्ही हातांनी धरून मंदाबाई नशिराबादला उतरल्या. मागून पितांबर उतरले. सेवानिवृत्त झाल्यावर अर्ध्या वाटेत गाडी सोडण्याची त्यांची ही पहिलीच वेळ होती. चहाच्या टपरीवर त्यांनी विचारलं, "उखर्डू निंबा कुठे राहतात?"

"उखर्डू तीन हायेत. निंबाचा एकच. काय काम काढलं?"

"परात दाखवायची आहे."

टपरीवाल्याने गाळणी ठेवली आणि स्वतः वाट दाखवायला निघाला. मागे दोन गिऱ्हाइकंही पेले हातात घेऊन आली.

ओट्यावर दोन म्हातारे बसले होते. एक सुतळी वळत होता आणि दुसरा ती कशी वळावी हे त्याला सांगत होता. वळणारा तो उखर्डू. ठेंगणा, काळासावळा, ऐंशीच्या घरातला. मंदाबाईंनी त्याच्याकडे पाहिलं आणि आपला उंच गोरा उखर्डू मुकाट्याने मोडीत काढला. सांगणारा होता छगन. लहानपणापासूनचा सोबती, रोज सकाळी या ओट्यावर यायचा आणि जेवायच्या वेळी उठायचा.

मंदाबाईंनी गोधडी सोडली. उखर्डूला आता नीट दिसत नसे. त्याने काठावरून बोट फिरवलं. पहिल्याच अक्षरापाशी ते थबकलं.

"या उ ची शेपटी तुटेल हाये. त्या तांबटाशी मी भांडलो व्हतो." मग तो मान वर करून म्हणाला, "कमल आली का तू?"

"नाही, मी मंदा. धुळ्याची. माझ्या लग्नात तुम्ही ही दिली."

"तुला कशाला देऊ? तुला मी ओळखत बी नही. ही माझ्या भाचीला धाडेल व्हती. वनाच्या कमलला."

मंदाबाई ओट्याच्या कडेवर बसल्या. वनाची लेक कमल त्यांच्या गल्लीतली होती. दोघी बरोबर गजगे खेळल्या होत्या, आणि त्या दाट तिथीला चारांपैकी एक मांडव तिचाही होता. दर आखाजीला दोघी गावी भेटत. नशिराबादला आपला चुलतमामा आहे, हे कमलने कधी तोंडातून काढलं नव्हतं.

छगन उठून उभा राहिला. "मी येतो. म्हशीला पाणी दाखवायचं राह्यलं."

"तुझी म्हैस तं तू मागच्या पोळ्याला इकली," उखर्डू म्हणाला. "बैस."

छगन बसला. टपरीवरची दोन गिऱ्हाइकंही बसली.

मग हळूहळू निघालं ते असं. सत्तावन साली उखर्डूच्या घरी पोरांना माता, म्हणजे देवी आल्या होत्या. अशा घरातला माणूस लग्नघरी जात नसतो. म्हणून त्याने परात घेऊन, नाव घालून, छगनच्या हाती दिली. वनाचा मांडव विचार आणि पोचव, एवढं सांगितलं. छगन रेल्वेने रावेरला उतरला आणि वैशाखाच्या उन्हात परात डोक्यावर पालथी घालून दोन कोस चालत गेला. चार दिवसांनी परतला तेव्हा म्हणाला, दिली. आणि सहा महिन्यांनी कमलच्या आईचा निरोप आला, की आला नाहीस ते नाही, भांडंसुद्धा धाडलं नाहीस. पोरीला सासरी ऐकून घ्यावं लागतं.

"मी ह्याला इचारलं," उखर्डू म्हणाला. "हा म्हने, मांडवात दिली, पुकारली बी. मंग मी समजलो, ते लोक लबाड. परात खाऊन बसले. ते समजले, मी लबाड. बहीण गेली तं मला कोनी कळवलं नही."

"मी खोटं बोललो का?" छगन म्हणाला. "मांडवात दिली म्हटलं. दिली. पुकारली म्हटलं. पुकारली."

"कोनत्या मांडवात?"

"ते तू इचारलं नही."

गावात शिरल्याशिरल्या पहिला मांडव मंदाबाईंचा होता. छगनने वाट विचारायला तोंड उघडलं, तोच कोणीतरी त्याचा हात धरला, पायावर पाणी घातलं आणि पंगतीत नेऊन बसवलं. पाहुणा कुठला, कोणाचा, हे विचारणं त्या काळी पोटभर जेवल्यानंतरचं काम होतं. आमरस होता आणि मांडे होते.

"सात मांडे खाल्ले," छगन म्हणाला. चौतीस वर्षांनंतरही तो आकडा सांगताना त्याच्या आवाजात थोडा अभिमान होता. "हात धुता धुता इचारलं, नवरी कोनती. म्हने मंदा. मी म्हटलं, मेलो. आता सांगा तुम्ही, परात सगळ्यायनं पाह्यली. सात मांडे खाऊन ती उचलायची आन दुसऱ्या मांडवात न्यायची? खाल्लं एकाचं आन आहेर दुसऱ्याला? लोक काय म्हनतील?"

"मग दिली?" मंदाबाईंनी विचारलं.

"दिली."

"आणि कमलच्या मांडवात?"

"तिकडे गेलोच नही. रिकाम्या हातानं कोनत्या तोंडानं जाऊ?"

या म्हणण्यात चूक कुठे आहे ते कोणालाच बोट ठेवून दाखवता येईना. "त्यांचं बरोबर आहे," पितांबर म्हणाले. "ज्या गाडीत बसला, तिकीट त्याच गाडीचं फाडावं लागतं." मंदाबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं, आणि पितांबरांनी नियमाचं पुढचं कलम गिळून टाकलं.

"नाना," मंदाबाई म्हणाल्या, "नावात कमल घातलं असतं, तर तेव्हाच उलगडलं असतं."

"तांबट अक्षराला पैसे घ्यायचा," उखर्डू म्हणाला. थोड्या वेळाने पुन्हा म्हणाला, "तीन अक्षरं व्हती." त्याच्या हातातली सुतळी केव्हाच उलगडली होती.

मंदाबाईंनी परात त्याच्यापुढे सरकवली. त्याने ती परत ढकलली. दिलेली वस्तू तो घेत नव्हता, आणि वस्तू कमलची असल्यामुळे मंदाबाईंना ठेव म्हणण्याचाही त्याला अधिकार नव्हता. त्याला एकच हवं होतं, कमलला हे कळावं. आणि आणखी एक त्याने जरा लाजत विचारलं.

"कशी निघाली? पीठ चिकटतं का?"

"नाही, नाना. कधीच नाही."

"मी पाच दुकानं हिंडलो व्हतो," उखर्डू म्हणाला. मग छगनकडे वळला. "ऊठ. ह्यायच्या संगं जाय. परात तुझ्या डोक्यावर. वनाच्या घरी पोचव. आन आता वाटेत जेवू नको."

दुपारच्या गाडीने तिघं रावेरला आणि तिथून गावी पोचली. लग्नघरी मांडव पडलेला होता. मंदाबाईंच्या भावाने छगनचा हात धरला आणि पाणी पुढे केलं. छगनने हात सोडवून घेतला. परात डोक्यावर धरून तो म्हणाला, "आधी वनाचं घर दाखवा." त्या मांडवातून न जेवता उठलेला तो पहिलाच पाहुणा. भावाला वाटलं, मानापानात काही चुकलं.

कमल आखाजीसाठी भावाकडे आलेली होती. रुंद बांध्याची बाई, सावद्याला दिलेली, नातवंडं झालेली. उखर्डूमामा म्हटल्याबरोबर तिचा चेहरा बंद झाला. सगळं ऐकेपर्यंत ती गव्हातले खडे निवडत राहिली. सुपातले संपले तेव्हा म्हणाली, "तू धुळ्याची शिकलेली बाई. ह्या म्हाताऱ्यानं तुला पढवलं आन तू पढली. त्याला आता मरताना पाव्हनी पाह्यजे दाराशी."

"हे बघ, नाव आहे त्याचं."

कमल शाळेकडे कधी फिरकली नव्हती. तिने भावाच्या मुलीला हाक मारली. पोरीने काठाभोवती फिरत अक्षरं लावली, ‘उखर्डू निंबा नशिराबाद याजकडून.’

"पुढं?"

"पुढे काही नाही, आत्या."

"माझं नाव कुठी हाये? दुनियेला परात दिली आसंल त्यानं. माझीच कशावरून?"

छगनने मंदाबाईंकडे पाहिलं. सात मांड्यांची साक्ष इथे कामाला येत नव्हती. मंदाबाईंना तर आता एवढंच दिसत होतं, की परात ना आपली, ना हिची, ना त्याची. सरळ लताच्या मोडीत जाणार. त्या थकून म्हणाल्या, "अगं, तुझंही घालणार होता. पण तांबट अक्षरागणिक पैसे मागत होता. तीन अक्षरं वाचवली त्याने."

कमलचा हात सुपावरच थांबला.

"काय म्हनला तो?"

"तीन अक्षरं होती, म्हणाला."

कमल आधी नाकातून हसली. मग पदर तोंडाला लावून हसली, आणि बराच वेळ थांबेना. "मामाच हाये," ती म्हणाली. "माझ्या बारशाला त्यानं एकच वाळा आनला व्हता. म्हने, दुसरा पाय कुठी पळून जातो. आई मरेपर्यंत सांगायची." तिने डोळे पुसले. ते हसण्याने आले असावेत. मग परातीवर बोटाचं पेर वाजवून आवाज ऐकला, आणि छगनला म्हणाली, "बैस. ताट करते."

"आधी परात घेतली म्हन."

"घेतली."

मग छगन बसला. त्याने मांडे चारच खाल्ले. वय झालं होतं.

मंदाबाईंच्या भाचीच्या लग्नात मांड्यांचं पीठ कमलने स्वतः त्या परातीत तिंबलं, आणि परक्या मांडवात ती सगळ्यांवर हुकूम सोडत होती, कारण परात तिची होती. जायच्या दिवशी मात्र तिने ती मंदाबाईंच्या मांडीवर आणून ठेवली. सावद्याला तिच्या सुनेने घरभर स्टील करून टाकलं होतं. ही नेली तर महिनाभरात मोडीत जाईल. "तुझ्याकडे राहू दे. लागली तं मागीन. पन माझं नाव घालून घे आधी. पुन्हा कोनी इचारायला नको." आणि ती सावद्याला न जाता छगनसोबत नशिराबादच्या गाडीत बसली. गाडी सुटेपर्यंत ती छगनला विचारत होती, मामाच्या घरी गेल्यावर जेवायला काय मिळेल.

धुळ्यात आग्रा रोडवर भांड्यांच्या दुकानात आता मशीन होतं. सुई घरघरत चाले. दुकानदाराने जुन्या ओळीखाली जागा पुसून घेतली.

"काय घालू?"

"‘कमल हिस.’"

"नुसतं कमल बरं नाही दिसत. लग्नाचं ना? ‘चि. सौ. कां.’ घालू?"

"घाला."

"लग्न कधी आहे?"

"सत्तावन साली झालं."

दुकानदाराने मान वर केली. पण अक्षरागणिक पैसे तोही घेत होता. त्याने सुई सुरू केली.

घरी लताने परात उजेडात धरली. वरची ओळ वाचली, खालची वाचली. एकीची अक्षरं ठोक्यांची, एकीची सुईची.

"आई, म्हणजे ही आपली नव्हतीच."

"नव्हती."

"मग मोडीत द्यायला..."

"दुसऱ्याची वस्तू कशी मोडीत देणार? कमलला विचारावं लागेल."

लताने परात फळीवर ठेवली. चार दिवसांनी नवं स्टील आलं आणि चकचकीत डब्यांची रांग लागली. परातीला मात्र फळीची मधली जागा सोडावी लागली, कारण दुसरीकडे ती मावत नव्हती. संध्याकाळी दारात भिकुबाई उभ्या होत्या.

"अक्का, उखर्डूभाऊ मोकळा शे का?"

"शे," आतून लताच म्हणाली. "पण सांभाळीसन वापरा. पाव्हनी वस्तू शे."